कमी दिवसांचे बाळ दूध बाहेर टाकते तेव्हा: ओळख, तपासण्या आणि उपचार

गर्भारपणाचे ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेले बाळ नवजात शिशु कक्षातून घरी आले की पहिल्या आठ-पंधरा दिवसांतच घरातली एखादी जाणती बाई म्हणते, "ह्याच्या पोटात काही ठरत नाही बघा, सगळं दूध काढतंय." सोलापुरात यापुढचा क्रम बहुधा ठरलेला असतो. औषधाच्या दुकानातून ग्राइप वॉटर आणले जाते, सहाणेवर उगाळलेल्या बाळगुटीचे बोट चाटवले जाते, आणि तरीही गुळण्या थांबल्या नाहीत की डॉक्टरांपाशी ‘पित्ताचे काहीतरी द्या’ असा आग्रह धरला जातो. हा क्रम बदलायला हवा. आधी धोक्याचे लक्षण नाही याची खात्री करावी, मग वजन पाहावे, मग दूध पाजण्याची रीत तपासावी, आणि औषधाचा विचार सर्वांत शेवटी, तोही नवजात शिशुतज्ज्ञांच्या देखरेखीखाली करावा. पुढचे सगळे विवेचन या क्रमाने केले आहे. ते वाचून घरी निदान करणे अपेक्षित नाही. डॉक्टरांकडे नेमकी माहिती घेऊन जाता यावे आणि अनावश्यक औषध टाळता यावे, एवढाच त्याचा हेतू आहे.

अन्ननलिका जठराला जिथे मिळते तिथे स्नायूंचे एक कडे असते. गिळताना ते उघडते आणि एरवी मिटलेले राहते. पण गिळण्याशी संबंध नसतानाही ते मधूनमधून क्षणभर सैल पडते, आणि तेवढ्या वेळात जठरातले दूध वर येते. यालाच रिफ्लक्स म्हणतात. असे सैल पडणे मोठ्या माणसांतही घडते, मात्र कमी दिवसांच्या बाळात ते तासातून अनेकदा घडते. त्यात बाळाचा आहार पूर्ण पातळ, ते दिवसरात्र आडवे, जठर रिकामे होण्याचा वेग मंद, आणि दुधाचे प्रमाण शरीराच्या मानाने फार मोठे असते. अशा बाळाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण १५० ते १८० मिली दूध लागते. याच हिशेबाने ६० किलोच्या माणसाने दूध प्यायचे ठरवले, तर त्याला रोज किमान ९ लिटर प्यावे लागेल. नाकातून किंवा तोंडातून घातलेली दुधाची नळी त्या कड्यातून आत गेलेली असते आणि त्याला पूर्ण मिटू देत नाही, हे आणखी एक कारण. त्यामुळे कमी दिवसांच्या बाळात रिफ्लक्स आढळणे हा जवळजवळ नियमच आहे. त्याचा त्रास होऊन वाढ खुंटणे, अन्ननलिकेला इजा होणे किंवा दूध फुप्फुसात जाणे हा आजार, आणि तो बराच विरळ आहे.

आणखी एक गोष्ट नीट समजून घ्यावी, कारण औषधांचा सगळा प्रश्न तिच्यावर उभा आहे. दूध जठरातले आम्ल शमवते. दर दोन-तीन तासांनी दूध घेणाऱ्या बाळाच्या जठरात बराच काळ फारसे आम्ल नसतेच, म्हणून गुळणीतून वर येते ते बहुतेक वेळा नुसते दूध असते. आम्ल कमी करणाऱ्या औषधाने गुळण्यांची संख्या घटत नाही, याचे कारण हेच.

आधी धोका ओळखावा

उलटीचा रंग हिरवा किंवा गडद पोपटी असेल, तर ती रिफ्लक्सची गुळणी नसते. आतड्याला पीळ पडला असण्याची शक्यता असते, आणि अशा वेळी प्रत्येक तास मोलाचा असतो. दूध पाजणे थांबवावे, बाळाला ऊब मिळेल असे छातीशी धरावे, डाग पडलेले फडके सोबत घ्यावे आणि लहान मुलांचे शल्यविशारद जिथे उपलब्ध असतील अशा मोठ्या रुग्णालयात तत्काळ जावे. करमाळ्यासारख्या टोकाच्या तालुक्यातून सोलापूरला पोहोचायला दोन तासांच्या वर लागतात. म्हणून ‘सकाळपर्यंत पाहू’ असे म्हणू नये, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखा गाळ दिसणे, पोट फुगून ताठ होणे, शीतून रक्त जाणे, बाळ मलूल होऊन दूध ओढेनासे होणे, ताप येणे किंवा अंग थंड पडणे, टाळू फुगून वर येणे, श्वास थांबणे, ओठ निळे पडणे, यांपैकी काहीही दिसले तरी हाच नियम लागू होतो. कमी दिवसांच्या बाळांत, विशेषतः मुलग्यांत, जांघेतला हर्निया बराच आढळतो. जांघेतली गाठ टणक झाली, आत जाईना आणि सोबत उलट्या सुरू झाल्या, तर तीही तातडीचीच बाब आहे.

याहून वेगळा प्रकार म्हणजे पिचकारीसारखी लांब उडणारी उलटी. ती प्रत्येक पाजणीनंतर होऊ लागली आणि उलटीनंतर बाळ पुन्हा हपापून दूध मागू लागले, तर जठराचे खालचे तोंड जाड होऊन अरुंद झाले असल्याची शंका घ्यावी. हे साधारणपणे तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात लक्षात येते, कमी दिवसांच्या बाळात थोडे उशिराही, आणि पोटाच्या सोनोग्राफीत त्याचे निदान होते.

खर्चाच्या भीतीने कोणी थांबू नये. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयात एक वर्षापर्यंतच्या आजारी बालकाचे उपचार, औषधे, तपासण्या आणि ने-आण मोफत आहे. छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, ज्याला सगळे सोलापूर ‘सिव्हिल’ म्हणून ओळखते, डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले आहे.

वजन आणि वही

धोक्याचे काही नसेल, तर पुढचा प्रश्न एकच उरतो: बाळ वाढते आहे का? घरी आलेल्या कमी दिवसांच्या बाळाचे वजन दिवसाला सरासरी २० ते ३० ग्रॅमने वाढावे. उदाहरणार्थ, सोमवारी २,००० ग्रॅम भरलेले बाळ पुढच्या सोमवारी २,१६० ग्रॅम भरले, तर दिवसातून पाच-सहा फडकी ओली होत असली तरी त्या गुळण्यांवर उपचाराची गरज नाही. धुणे वाढेल, इतकेच. रोज वजन करू नये, कारण एक शी किंवा एक पाजणी आकडा सहज वर-खाली करते आणि आईचा जीव उगीच टांगणीला लागतो. आठवड्यातून एकदा किंवा दोनदा, त्याच काट्यावर, शक्यतो त्याच वेळी, पाजण्याआधी आणि बाळाचे सगळे कपडे काढून वजन करावे. गृहभेटीला येणाऱ्या आशाताईंकडे वजनकाटा असतो, पण रुग्णालयातला काटा आणि त्यांचा काटा यांची तुलना करून निष्कर्ष काढू नये.

किती दूध बाहेर पडले याचा डोळ्यांना येणारा अंदाज जवळजवळ नेहमीच जास्तीचा असतो. खात्री करून घ्यायची असेल, तर एक छोटा चमचा, म्हणजे ५ मिली दूध मोजून सुती लंगोटावर ओतावे आणि डाग किती पसरतो ते पाहावे. जवळजवळ तळहाताएवढा तो डाग पाहिल्यावर, ‘सगळे दूध काढले’ असे आपण ज्याला म्हणत होतो ते प्रत्यक्षात किती होते, हे कळते. वहीत पाजण्याची वेळ, अंदाजे प्रमाण, गुळणी पाजल्यानंतर किती वेळाने आली, तिचा रंग, त्या वेळी बाळ रडत होते की शांत होते, आणि दिवसभरात लंगोट कितीदा ओले झाले, एवढे लिहावे. चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा लघवी होत असेल, तर पोटात पुरेसे दूध राहत आहे असे धरायला हरकत नाही. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा चाळिशीपार असतो, तेव्हा ही नोंद विशेष कामी येते. मात्र लघवी कमी वाटली म्हणून वरून पाणी पाजू नये, अंगावर पाजण्याच्या वेळा वाढवाव्यात आणि डॉक्टरांना कळवावे.

श्वास, रडणे आणि पाठ ताणणे

दूध वर आल्यामुळे श्वास थांबला, असे नातेवाईक सांगतात आणि पूर्वी पुष्कळ डॉक्टरही तसेच समजत. एकाच वेळी श्वास आणि रिफ्लक्स दोन्ही मोजणाऱ्या अभ्यासांत या दोहोंचा मेळ क्वचितच बसलेला दिसतो. कमी दिवसांच्या बाळाचा श्वास थांबतो तो मुख्यतः मेंदूतील श्वासकेंद्र अजून पक्व नसल्यामुळे, आणि त्यावर कॅफिन सायट्रेट हे औषध रुग्णालयात दिले जाते. पाच-दहा सेकंद थांबून पुन्हा नियमित होणारा श्वास या बाळांत सामान्य असतो. पण श्वास २० सेकंद थांबणे, किंवा त्याहून कमी वेळ थांबूनही रंग बदलणे, हे कारण काहीही असले तरी घरी सांभाळण्याचे लक्षण नव्हे. कुरकुर, कण्हल्यासारखा आवाज, पाठ कमानीसारखी ताणणे, चेहरा लाल करणे, केवळ एवढ्यावरून रिफ्लक्सचे निदान होत नाही. अशा तक्रारींवरून ‘आम्ल आहे’ असा शिक्का मारणे सोपे असते, म्हणूनच तो वारंवार मारला जातो.

तपासण्यांविषयी थोडक्यात. बहुतेक बाळांना एकही तपासणी लागत नाही; वाढीचा तक्ता, वही आणि डॉक्टरांनी प्रत्यक्ष पाहिलेली एक पाजणी पुरते. बेरियम पाजून काढलेला एक्स-रे शरीररचनेतील दोष शोधण्यासाठी उपयोगी आहे, रिफ्लक्स सिद्ध करण्यासाठी नाही, कारण त्या काही मिनिटांत तो दिसणे वा न दिसणे हा योगायोग असतो. अन्ननलिकेत बारीक तार ठेवून चोवीस तास आम्लता मोजण्याची पद्धत या बाळांत तोकडी पडते, कारण वर येणारे दूध बहुधा आम्ल नसते. आम्ल आणि बिनआम्ल असे दोन्ही प्रवाह नोंदवणारी पीएच-इम्पीडन्स तपासणी अधिक विश्वसनीय आहे, परंतु ती मोजक्या केंद्रांत होते आणि उपचाराचा निर्णय खरोखरच तिच्यावर अडला असेल तरच करावी.

पाजण्याची रीत

सर्वांत जास्त फरक पडतो तो इथे. पहिली दुरुस्ती प्रमाणाची. समजा २ किलोच्या बाळाला डॉक्टरांनी दर किलोमागे १६० मिली, म्हणजे दिवसाला ३२० मिली दूध सांगितले आहे. ते तीन-तीन तासांनी दिले तर प्रत्येक वेळी ४० मिली होते; दोन-दोन तासांनी दिले तर २७ मिलीच्या आसपास. एकूण दूध तेवढेच राहते, जठर मात्र प्रत्येक वेळी कमी ताणले जाते. ही विभागणी डॉक्टरांशी बोलून करावी, कारण रात्री दर दोन तासांनी उठणाऱ्या आईची झोप हाही उपचाराचाच भाग आहे, आणि तिला मदतीला कोण आहे हे आधी ठरवावे लागते.

दुसरी गोष्ट वेगाची. वाटी-चमच्याने किंवा पलाड्याने (चोच असलेल्या छोट्या भांड्याने) पाजताना दूध तोंडात ओतले जाता कामा नये. भांड्याची कड खालच्या ओठावर टेकवावी आणि बाळाला स्वतः जीभ पुढे करून दूध घेऊ द्यावे. दोन-तीन घोटांनंतर थांबावे. भुवया आवळणे, हाताची बोटे ताणून पसरणे, ओठांच्या कोपऱ्यातून दूध ओघळणे, श्वास भरभर होणे, या बाळाने ‘थांबा’ म्हणून केलेल्या खुणा आहेत. त्या दिसल्या की उरलेले दहा मिली ‘संपवून टाक रे बाळा’ म्हणत पाजू नये. अंगावर पाजताना आईला पान्हा फार जोरात येत असेल, तर सुरुवातीचे थोडे दूध वाटीत पिळून घ्यावे आणि आईने किंचित मागे रेलून पाजावे. ढेकर काढण्यासाठी पाठ थोपटण्याची घाई नको. खांद्याशी सरळ धरून हळुवार हात फिरवणे पुरते.

डब्याचे दूध द्यावेच लागत असेल, तर डब्यावरचे प्रमाण तंतोतंत पाळावे. बहुतेक डब्यांवर ३० मिली पाण्याला एक सपाट चमचा असे असते. वजन वाढावे म्हणून शिगेचा चमचा घातला की दूध दाट होते, जठरात जास्त वेळ थांबते आणि उलट्या वाढतात. आईच्या दुधात मिसळण्याच्या पोषक पावडरीलाही हेच लागू आहे. दूध दाट केले की खाली बसेल, या समजुतीने भाताची पेज, नाचणीचे सत्त्व किंवा ज्वारीची कण्हेरी घालण्याचा सल्ला अनेक आज्या देतात. या वयात तो अजिबात ऐकू नये. झँथन गमने दूध दाट करणारे एक परदेशी उत्पादन ३७ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या बाळांना देऊ नये, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०११ मध्ये दिला, कारण ते घेतलेल्या काही बाळांत आतड्याचा गंभीर दाह आढळला होता.

एक साधी गोष्ट बरेचदा नजरेआड होते. या बाळांना लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, मल्टिव्हिटॅमिन असे तीन-चार ड्रॉप्स चालू असतात आणि आई ते सोयीसाठी सकाळी एकापाठोपाठ एक रिकाम्या पोटी देते. हे ड्रॉप्स गोड, दाट आणि जठराला झोंबणारे असतात. ते बंद करू नयेत. दिवसभरात विभागून, शक्य असेल तर थोड्या दुधात मिसळून द्यावेत. सकाळच्याच गुळण्या जास्त असतील, तर हा बदल आधी करून पाहावा.

पाजून झाल्यावर वीस ते तीस मिनिटे बाळाला उभे धरावे, आणि त्यासाठी कांगारू पद्धतीइतके सोयीचे दुसरे काही नाही. बाळाच्या अंगावर फक्त लंगोट आणि टोपी असावी, ते आईच्या उघड्या छातीवर दोन स्तनांच्या मधोमध उभे, पाय बेडकासारखे दुमडलेले, मान एका बाजूला वळवलेली आणि हनुवटी किंचित वर, असे ठेवून मऊ कापडाने बांधावे. यात ऊब मिळते, दूध वाढते, आणि पोटावर दाब न येता शरीर सरळ राहते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या शिफारशीनुसार कमी दिवसांच्या किंवा कमी वजनाच्या बाळाला दिवसाचे ८ ते २४ तास, जेवढे जमेल तेवढे, असे ठेवावे. बाबा, आजी, आत्या यांनीही पाळी वाटून घ्यावी.

शहराच्या पूर्व भागात आणि कुंभारीच्या रे नगरात घराघरांत विड्या वळल्या जातात, म्हणून हे मुद्दाम सांगतो. तंबाखूचे सूप ज्या खोलीत आहे तिथे बाळ झोपवू नये. पाजण्याआधी साबणाने हात धुवावेत आणि कामाची साडी बदलावी. तंबाखूच्या धुराने रिफ्लक्सही वाढतो आणि या बाळांच्या कोवळ्या फुप्फुसांना इजाही होते. ओवा-वावडिंगाची धुरी त्याच कारणाने टाळावी.

झोपवताना

घरी बाळाला नेहमी पाठीवरच झोपवावे. पालथे किंवा डाव्या कुशीवर ठेवल्याने रिफ्लक्स कमी होतो हे खरे आहे, पण तसे ठेवणे फक्त रुग्णालयात, मॉनिटर लावलेला असताना योग्य; घरी त्यामुळे झोपेत अचानक मृत्यू होण्याचा धोका वाढतो, आणि कमी दिवसांच्या बाळांत तो मुळातच जास्त असतो. पाठीवर झोपल्यास दूध श्वासनलिकेत जाईल, ही भीती निराधार आहे. पाठीवर असताना श्वासनलिका अन्ननलिकेच्या वरच्या बाजूला येते, त्यामुळे वर आलेल्या दुधाला तिच्यात शिरायला चढावे लागते. डोक्याकडची बाजू उंच करण्यासाठी गादीखाली सोलापुरी चादरीची घडी सरकवण्याचा फायदा सिद्ध झालेला नाही. बाळ घसरून त्याची मान दुमडते, हे मात्र घडते. झोळी तर टाळावीच. झोळीत बाळाचे शरीर कमानीसारखे वाकते, हनुवटी छातीला टेकते, श्वासाची वाट दबते आणि पोटावर दाब येतो. घराण्याची झोळी वापरायचीच असा आग्रह असेल, तर बाळाची मान पक्की होईपर्यंत तरी तो बाजूला ठेवावा.

आईचे पथ्य

बाळ दूध काढते म्हणून आईच्या ताटातली शेंगाचटणी, डाळ, भाजी एकेक करून काढून घेतली जाते. तिखटामुळे बाळाला रिफ्लक्स होत नाही, आणि उपाशी आईचे दूधही वाढत नाही. याला एकच अपवाद लक्षात ठेवण्याजोगा आहे, तो गाई-म्हशीच्या दुधातील प्रथिनांच्या ॲलर्जीचा. गुळण्यांसोबत शीमध्ये रक्ताच्या रेषा, अंगावर चट्टे किंवा वजन अडलेले असेल, तर डॉक्टर आईला दोन ते चार आठवडे दूध, दही, ताक, पनीर, खवा पूर्ण बंद करायला सांगतात. दुधातली अळिवाची खीरही त्यात आली. फरक पडला की नाही हे दूध पुन्हा सुरू करून पडताळायचे असते, आणि तेवढ्या काळात आईच्या कॅल्शियमची सोय करावी लागते.

औषधे शेवटी, आणि कमीत कमी

अमेरिकन बालरोग अकादमीच्या २०१८ च्या अहवालाचा निष्कर्ष स्पष्ट आहे: कमी दिवसांच्या बाळात रिफ्लक्सवरची औषधे फारच क्वचित वापरावीत, कारण उपयोगाचा पुरावा तोकडा आणि अपायाचा पुरावा ठोस आहे. रॅनिटिडीनसारखी आम्ल कमी करणारी औषधे घेतलेल्या अतिशय कमी वजनाच्या बाळांत जंतुसंसर्ग आणि आतड्याचा गंभीर दाह यांचे प्रमाण जास्त आढळले आहे. जठरातले आम्ल जंतूंना अडवते. ते काढून घेतले की वाट मोकळी होते. रॅनिटिडीन २०२२ मध्ये भारताच्या आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतून वगळले गेले. ओमेप्राझोल, लॅन्सोप्राझोल या गटातील औषधांनी तान्ह्या बाळांचे रडणे वा गुळण्या कमी झाल्याचे चाचण्यांत दिसलेले नाही.

आपल्याकडे सर्रास लिहिले जाणारे औषध म्हणजे डोमपेरिडोन. त्याने हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते, आणि युरोपात त्याच्या वापरावर २०१४ पासून कडक बंधने आहेत. शिवाय त्याचे थेंब आणि सिरप यांची तीव्रता वेगवेगळी असू शकते. एका बाटलीचे प्रमाण दुसऱ्या बाटलीतून मोजले, तर इवल्याशा बाळाला कितीतरी पट मात्रा जाते. शेजारच्या बाळाला लागू पडलेले किंवा मागच्या चिठ्ठीवरचे औषध आणून देणे म्हणूनच धोक्याचे आहे. मेटोक्लोप्रमाइडने हातापायांच्या आणि चेहऱ्याच्या अनैच्छिक हालचाली होऊ शकतात, तर सिसाप्राइड हृदयावरील दुष्परिणामांमुळे २००० च्या सुमारास अनेक देशांतून मागे घेतले गेले. गुटीत मायफळ, वेखंड, सुंठ असे बरेच काही उगाळले जाते आणि सहाणेची स्वच्छताही बेभरवशाची असते. या बाळांना गुटी आणि ग्राइप वॉटर दोन्ही देऊ नयेत.

तरीही एखाद्या बाळाचे वजन पाजण्यात सर्व बदल करूनही अडलेले असते, उलटीत रक्त येते, किंवा अन्ननलिकेला इजा झाल्याचे दिसते, आणि तज्ज्ञ औषध सुरू करतात. अशा वेळी तीन गोष्टी विचारून चिठ्ठीवर लिहून घ्याव्यात: हे औषध नेमक्या कोणत्या लक्षणासाठी आहे, फरक किती दिवसांत दिसायला हवा, आणि दिसला नाही तर ते कोणत्या तारखेला बंद करायचे. बंद करण्याची तारीख नसलेली चिठ्ठी महिनोन्महिने चालत राहते. शस्त्रक्रियेची वेळ फार थोड्या बाळांवर येते, बहुधा मेंदूचा, फुप्फुसाचा किंवा अन्ननलिकेचा मूळ आजार असलेल्यांवर.

पुढचा अंदाज बांधताना वय जन्मतारखेपासून मोजू नये. ३२ आठवड्यांचे बाळ ४० आठवड्यांच्या आठ आठवडे आधी आलेले असते, म्हणून जन्मानंतर सहा महिन्यांनी त्याचे दुरुस्त वय चार महिन्यांच्या आसपास धरावे. गुळण्या साधारण चार महिन्यांच्या दुरुस्त वयापर्यंत वाढतात, बाळ बसू लागले आणि वरचे अन्न सुरू झाले की उतरतात, आणि वर्ष-दीड वर्षात बहुतेक मुलांमध्ये थांबतात. सहा महिन्यांनंतर प्रथमच उलट्या सुरू झाल्या, किंवा दीड वर्षानंतरही त्या चालूच राहिल्या, तर त्याला रिफ्लक्स म्हणून सोडून न देता बालरोगतज्ज्ञांकडून नव्याने तपासणी करून घ्यावी आणि जन्माच्या वेळचे डिस्चार्ज कार्ड व वजनाची वही सोबत न्यावी.